बारा खंडांची चाल आणि तिचा हिशेब

व्यापारी घराण्यांना खतावणीची रचना समजावून सांगावी लागत नाही. पाने तीच, रकाने तेच, जमा एका बाजूस आणि नावे दुसऱ्या बाजूस. तरीही कोणत्याही दोन पेढ्यांच्या वह्या सारख्या नसतात. रकाने सर्वांचे असतात, नोंदी ज्याच्या त्याच्या. अमेरिकेत जन्मलेल्या ‘ब्लूज’ या संगीतप्रकाराची घडणही अशीच आहे. त्याचा साचा इतका आटोपशीर आहे की घरातील हार्मोनियमवर किंवा कीबोर्डवर बोटे फिरवू शकणाऱ्या शाळकरी मुलालाही तो एका संध्याकाळी समजतो आणि त्यात स्वतःची साधी चाल बसवता येते. मात्र साचा कोणाचा, नोंद कोणाची आणि मोबदला कोणाचा, हे तीन प्रश्न या संगीताच्या इतिहासात अनेकांना फार महाग पडले. म्हणून चाल रचण्याची रीत आणि तिच्यामागचा हिशेब या दोन्ही गोष्टी एकत्रच समजून घेणे उचित ठरेल.

उधारीच्या मुलखातील गाणे

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांजवळ बहुधा जमीन नव्हती आणि भांडवलही नव्हते. दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात, असंख्य कुटुंबे जमीनमालकाची शेती बटाईने करू लागली. बियाणे, अवजारे, धान्य, कापड हे सारे पुष्कळदा मालकाच्याच दुकानातून उधारीवर घ्यायचे आणि कापूस विकला गेला की वर्षअखेरीस हिशेब व्हायचा. वही मालकाची, भाव मालकाचा आणि व्याजाचा दरही मालकाचाच. अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. ज्यांना येत होते त्यांनाही वही दाखवा असे म्हणण्याची सोय नव्हती. पीक चांगले येऊनही अखेर बाकी आपल्याच नावे निघते, हा अनुभव वर्षानुवर्षे घेणाऱ्या समाजाच्या तोंडी जी गाणी आली, त्यांतून ब्लूज घडत गेला. इंग्रजी भाषेत निळ्या रंगाचे नाव उदासीनतेसाठीही वापरतात. त्यावरून या गाण्यांना हे नाव मिळाले. तथापि ती निव्वळ रडगाणी नव्हती. शनिवारच्या रात्री याच चालींवर माणसे नाचत, हसत आणि पुढच्या आठवड्याचे कष्ट उपसण्याचे बळ घेऊन घरी जात.

ही गाणी कागदावर आणून जगापुढे ठेवणाऱ्यांत विल्यम ख्रिस्तोफर हँडी यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म १८७३ चा, अलाबामा राज्यातील फ्लॉरेन्स गावचा. वडील चर्चचे धर्मोपदेशक होते. बालपणी हँडींनी रानफळे वेचून आणि साबण करून पैसे साठवले व एक गिटार विकत आणली. वडिलांना ते वाद्य घरात नको होते. त्यांनी ते परत करून त्याऐवजी शब्दकोश आणायला लावला. मुलाने आज्ञा पाळली, पण संगीत सोडले नाही. पुढे ते कॉर्नेट वाजवू लागले, वाद्यवृंदाचे नेते झाले आणि लिखित स्वरलिपीत पारंगत झाले.

साधारण १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर या लहानशा स्थानकावर ते रात्री उशिराच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारी फाटक्या कपड्यांतील एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून सरकवत वाजवू लागला. ज्या रेल्वे जंक्शनकडे तो निघाला होता, त्याविषयीची एकच ओळ त्याने तीनदा गायिली. शिकलेल्या हँडींना ते संगीत विलक्षण वाटले. त्यानंतर क्लीव्हलँड या गावी त्यांच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालू असताना तीन स्थानिक वादकांना वाजवण्याची संधी देण्यात आली. जुनाट वाद्ये, एकच चाल, पुन्हा पुन्हा तीच. पण श्रोत्यांनी त्यांच्या पायाशी चांदीच्या नाण्यांचा पाऊस पाडला. हँडींच्या नऊ वादकांना साऱ्या कार्यक्रमासाठी जी बिदागी ठरली होती, तिच्याहून ती रक्कम अधिक भरली. ज्या संगीताकडे आपण अडाण्यांचे म्हणून पाहत होतो, त्याला मोल आहे हे हँडींना त्या रात्री उमगले, असे ते आत्मचरित्रात सांगतात.

साचा

पाश्चात्त्य संगीतात तालाच्या लहान एककाला ‘बार’ म्हणतात. येथे त्यास खंड म्हणू. ब्लूजचा सर्वांत रूढ साचा बारा खंडांचा असतो आणि प्रत्येक खंडात चार मात्रा असतात. म्हणजे एक आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे झाले. या बारा खंडांचे चार-चारांचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात गायक एक ओळ म्हणतो, दुसऱ्या भागात तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या भागात तिचे उत्तर देतो. मराठीत रचून पाहावयाचे झाल्यास असे काही होईल :

रात्रभर जागलो तरी गाडी काही आली नाही,
रात्रभर जागलो तरी गाडी काही आली नाही;
दिवा विझला फलाटावर, घरी कोणी उरले नाही.

एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितल्याने ऐकणारा थांबतो आणि पुढे काय याची वाट पाहतो. तिसऱ्या ओळीचा सारा भार त्या प्रतीक्षेवर असतो. शिवाय प्रत्येक ओळ साधारणपणे अडीच खंडांतच संपते. उरलेला भाग वाद्यासाठी मोकळा राहतो. गायकाने हाक द्यावी आणि वाद्याने ओ द्यावी, ही पद्धत शेतात एकत्र राबणाऱ्यांच्या गाण्यांतून ब्लूजमध्ये आली.

या बारा खंडांखाली तीनच आधारस्वर फिरतात, आणि आपल्या परिचयाच्या भाषेत ते षड्ज, मध्यम आणि पंचम होत. पहिले चार खंड षड्जाचे. पाचवा व सहावा मध्यमाचे, सातवा व आठवा पुन्हा षड्जाचे. नववा पंचमाचा, दहावा मध्यमाचा आणि शेवटचे दोन षड्जाचे. बेरीज करून पाहिली तर षड्जाच्या खात्यात आठ, मध्यमाच्या खात्यात तीन आणि पंचमाच्या खात्यात अवघा एक खंड येतो. तो एक खंड नवव्या स्थानी, म्हणजे उत्तराची ओळ जेथे सुरू होते नेमका तेथे, ठेवलेला आहे. साऱ्या आवर्तनातील ताण तेथे शिगेला पोहोचतो आणि मग चाल घराकडे वळते.

डावा हात, उजवा हात

पियानोवर हे प्रत्यक्ष कसे बसवावे? हार्मोनियम शिकणाऱ्यांच्या परिभाषेत पांढरी एक हा षड्ज धरावा. मग पांढरी चार हा मध्यम आणि पांढरी पाच हा पंचम होतो. डाव्या हाताने प्रत्येक खंडात दोन पट्ट्या एकदम दाबावयाच्या. षड्जाच्या खंडात पहिल्या दोन मात्रांना पांढरी एक व पाच, पुढच्या दोन मात्रांना पांढरी एक व सहा. मध्यमाच्या खंडात पांढरी चार व वरच्या सप्तकातील एक, मग चार व वरची दोन. पंचमाच्या खंडात पांढरी पाच व वरची दोन, मग पाच व वरची तीन. तळाचे बोट स्थिर आणि वरचे बोट एक पाऊल पुढे जाऊन परत मागे, एवढीच हालचाल आहे. आधी ही बारा खंडांची फेरी न अडखळता चार-पाच वेळा वाजवता आली पाहिजे. त्यापूर्वी उजव्या हाताची घाई करू नये.

चालीला डौल येतो तो मात्रेच्या विभागणीने. एका मात्रेचे तीन समान भाग कल्पावेत. पहिले दोन भाग एका आघाताला द्यावेत आणि तिसरा दुसऱ्याला. लांब-आखूड, लांब-आखूड अशी ही चाल लयीत बसली की तेच साधे स्वर झुलू लागतात. तेच आघात समान अंतराने वाजवले तर कवायतीसारखे ऐकू येतात.

उजव्या हातासाठी पाच स्वर पुरे आहेत : षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच आणि काळी पाच अशा या पट्ट्या. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांना या स्वरांत धानी रागाची ओळख पटेल. ब्लूजमध्ये यांच्या जोडीला तीव्र मध्यम, म्हणजे काळी तीन, मध्यमाकडून पंचमाकडे जाताना ओझरता स्पर्शून जातो. येथे साम्य संपते. रागात आधार एकाच षड्जाचा असतो; ब्लूजमध्ये वरची चाल तीच राहते आणि खालचा आधार सरकतो, त्यामुळे तोच कोमल निषाद पहिल्या खंडात एक भाव दाखवतो आणि पाचव्यात दुसरा.

ब्लूजच्या गायकाचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कोठेतरी डोलतो. गिटारवादक तार ओढून किंवा तीवर सुरी सरकवून तो काढतो. पियानोला मात्र मींड नाही. हार्मोनियमची जी अडचण, तीच त्याचीही. म्हणून पियानोवादकांनी एक तोड काढली. काळी दोन दाबताच बोट लगेच घसरवून शेजारच्या पांढऱ्या तीनवर आणावयाचे, की दोन्ही स्वर क्षणभर एकमेकांना घासून जातात. वाद्याची उणीव झाकण्यासाठी केलेली ही युक्ती पुढे पियानो-ब्लूजची खूणच होऊन बसली.

आता एक साधी चाल. पहिल्या खंडात वरच्या सप्तकातील षड्ज दोन मात्रा, कोमल निषाद एक मात्रा, पंचम एक मात्रा. दुसऱ्या खंडात कोमल गंधार एक मात्रा आणि खालचा षड्ज तीन मात्रा. तिसऱ्या व चौथ्या खंडात उजवा हात स्वस्थ. केवळ डावा चालू. पाचव्या व सहाव्या खंडात पहिली ओळ जशीच्या तशी. खाली आधार मध्यमाचा असल्याने ती जुनीच असूनही निराळी भासेल. सातवा व आठवा पुन्हा मोकळे. नवव्या खंडात पंचम दोन मात्रा, कोमल निषाद एक, पुन्हा पंचम एक. दहाव्यात मध्यम दोन मात्रा व कोमल गंधार दोन मात्रा. अकराव्यात षड्जावर विसावा. बाराव्या खंडाच्या शेवटच्या दोन मात्रांना डाव्या हाताने षड्जाऐवजी पंचमाचा आधार वाजवला की चाल आपोआप पुन्हा पहिल्या खंडाकडे ओढली जाते, जशी तबल्याची तिहाई समेकडे नेते.

एवढे साधले की मोकळ्या ठेवलेल्या खंडांत स्वतःचे उत्तर भरण्यास आरंभ करावा. नवशिका प्रत्येक मोकळी जागा स्वरांनी गच्च भरतो. शिकागोचे जिमी यान्सी यांचे वादन अशांनी ऐकावे. हे गृहस्थ सुमारे पंचवीस वर्षे तेथील एका बेसबॉल मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीत होते आणि त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९३९ मध्ये, चाळिशीच्या आसपास, निघाली. त्यांचा डावा हात अत्यंत साधा आणि उजवा मितभाषी. रचना कोणत्याही पट्टीतील असो, ते तिचा शेवट काळी दोनच्या पट्टीत करीत. तीच त्यांची सही होती.

पन्नास डॉलरचा धडा

हँडींची कहाणी येथून पुढे व्यापाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. १९०९ मध्ये मेम्फिस शहरात नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी त्यांनी प्रचाराची एक चाल बांधली. ती लोकप्रिय झाली. तीच त्यांनी १९१२ मध्ये ‘द मेम्फिस ब्लूज’ या नावाने पियानोसाठी छापून घेतली. त्या काळी रेडिओ नव्हता आणि ग्रामोफोनही घरोघरी नव्हता. गाण्याची कमाई मुख्यतः छापील स्वरलिपीच्या विक्रीतून होत असे, कारण मध्यमवर्गीय घरांत पियानो असे आणि लोक कागद आणून घरी वाजवीत.

हँडींनी एक हजार प्रती छापल्या. विक्रीची व्यवस्था पाहणाऱ्यांनी काही दिवसांनी त्यांना प्रतींचे गठ्ठे दाखवले. त्यावरून माल खपलाच नाही असा त्यांचा समज झाला. निराश होऊन त्यांनी पन्नास डॉलर घेऊन त्या रचनेचे सर्व हक्क विकून टाकले. पुढे त्यांना कळले की पहिल्या हजार प्रती हातोहात खपल्या होत्या आणि त्यांना जो माल दाखवला गेला तो परस्पर छापलेल्या दुसऱ्या हजारांतील होता. ही हकीकत त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे. गाणे देशभर गाजले. लाभ इतरांच्या पदरी पडला. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार स्वामित्वहक्काची पहिली मुदत अठ्ठावीस वर्षांची होती. ती संपल्यावर, १९४० मध्ये, वयाच्या सदुसष्टीच्या उंबरठ्यावर त्यांना स्वतःच्या गाण्याचा हक्क परत मिळाला. कापूस पिकवणाऱ्या बटाईदाराची वही जशी दुसऱ्याच्या हाती होती, तशीच चाल पिकवणाऱ्याचीही होती. मालाचा साठा स्वतः मोजून पाहिल्याशिवाय सौदा करू नये, हे तत्त्व किराणा दुकानाला लागू आहे तसेच गाण्यालाही आहे.

हँडी यांनी त्यापासून घेतलेला बोध मोलाचा आहे. हॅरी पेस नावाचे सुशिक्षित तरुण मेम्फिसमध्ये कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या एका बँकेत काम करीत आणि गीतरचनाही करीत. त्यांच्यासमवेत हँडींनी प्रकाशनाची भागीदारी संस्था उभारली. एकाकडे संगीताचे ज्ञान, दुसऱ्याकडे हिशेबाची शिस्त. १९१४ मध्ये ‘सेंट लुईस ब्लूज’ ही रचना त्यांनी स्वतःच्याच संस्थेतून प्रसिद्ध केली. बारा खंडांच्या भागांमध्ये हँडींनी सोळा खंडांचा, निराळ्या लयीचा एक भाग गुंफला होता. साचा सर्वांचा, ही भर त्यांची. १९२५ मध्ये बेसी स्मिथ यांनी लुई आर्मस्ट्राँग यांच्या कॉर्नेटच्या साथीने ते गायिले आणि जगभर त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. पुढे भागीदारी संपली, धंद्यात खोट आली, हँडींची दृष्टी अधू झाली. तरी भावाच्या साह्याने त्यांनी कुटुंबाची संस्था तगवली आणि १९५८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या एका गाण्याने त्यांना आधार दिला. पहिल्या गाण्याचे मुद्दल पन्नास डॉलरमध्ये गेले होते. दुसऱ्याचे मुद्दल हाती राहिले म्हणून व्याज येत राहिले.

घरातील संगीतकारासाठी

आज अनेक घरांतील मुले-मुली कीबोर्डवर चाली रचतात आणि त्या ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे ठेवतात. भारतातील १९५७ च्या कायद्यानुसार चाल रचणाऱ्याचा स्वामित्वहक्क रचना सिद्ध होताच निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते. हा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा झाल्यास तो लेखी करारानेच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणून कोणी कागद पुढे केला तर रक्कम, मुदत, प्रदेश आणि मानधनाची पद्धत हे चार रकाने भरलेले आहेत की नाहीत, हे सहीपूर्वी पाहावे.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. बारा खंडांचा साचा, तीन आधारस्वर, हाक आणि ओ यांवर कोणाची मालकी नाही. ते ज्यांनी घडवले त्यांची नावे कोणत्याही कागदावर आलेली नाहीत. हँडी ‘ब्लूजचे जनक’ म्हणून ओळखले गेले आणि १९४१ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रालाही त्यांनी तेच नाव दिले. त्या पदवीला १९३८ मध्येच पियानोवादक जेली रोल मॉर्टन यांनी जाहीर हरकत घेतली होती. हँडींच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते की टटवायलरच्या फलाटावरील माणसाचे ऋण त्यांनी लपवले नाही. त्या माणसाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते, पण सुरी, गिटार आणि तीनदा म्हटलेली ती ओळ त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली.

घरातील मुलाने आपली पहिली बारा खंडांची चाल वहीत उतरवली तर खाली स्वतःचे नाव आणि दिनांक अवश्य घालावा. त्याच्याच खाली, ती कोणाकडून ऐकली आणि कोणाकडून शिकली, याचीही एक ओळ असावी. जमेची बाजू लिहिताना नावेची बाजू कोरी ठेवली, तर ती खतावणी जुळत नाही.